वाळूला हात लावू नकोस

४ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद आधी घे, तक्रार मागाहून येतेच आहे.

तुझी आई आहे तशीच आहे. सकाळी बाई येते, अक्काला आंघोळ घालते, केस विंचरते आणि तुझ्या माशांच्या टाकीसमोर खुर्चीत बसवून जाते. मग अक्का दिवसभर टाकीकडे बघत राहते. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच पडून असतो, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. झटका आला त्या दिवसापासून तोंडातून शब्द नाही. मागल्या आठवड्यात डॉक्टर आले होते. त्यांनी तिच्यापुढे एका हातात किल्ली धरली, एका हातात कंगवा. म्हणाले, "यातली किल्ली कुठली, तिच्याकडे बघा." अक्कानं दोन्हीकडे पाहिलं नाही. डॉक्टरांच्या खांद्यावरून टाकीकडेच बघत राहिली. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "समज राहिलेली दिसत नाही." बाजूला म्हणजे कुठं, तिच्या खुर्चीपासून हातभर. मीही म्हटलं, "हो, मलाही तसंच वाटतं." खोटं कशाला बोलू? पण बोलून गेलो आणि तिच्या पायावरचं पांघरूण उगाच सारखं करत बसलो.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या टाकीत काहीतरी भयंकर चाललं आहे.

काल चष्मा पुसून काचेला डोळा लावला. वरून वाळू छान पिवळी दिसते, पण खाली बघितलं तर डांबरासारखी काळी! वीतभर वाळू घातली आहेस, त्यातली निम्मी काळी. शिवाय मधूनच आतून बुडबुडा निघतो आणि बुडुक करून वर येतो. आत काहीतरी सडतंय, नाहीतर श्वास घेतंय. दोन्ही मला नको आहे.

मी शाळेत फार गेलो नाही हे तू जाणतेस, पण वाळू मला कळते. सबंध नोकरी पाण्याच्या फिल्टर हाऊसमध्ये वाळूचे बेड धुण्यात गेली. बेड काळा पडू दिला असता तर साहेबानं मला त्याच बेडात पुरलं असतं. खालून पाण्याचा मारा, वरून घाण बाहेर, मग ब्लीचिंग पावडर, आणि वाळू कशी तांदळासारखी लख्ख. तू हो म्हण, एका दुपारचं काम आहे.

तिथं बेटावर वारा फार का? कानाला बांधत जा.

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

तुला नमस्कार, आणि त्या वाळूला अजिबात हात लावू नकोस. हे वाक्य पुन्हा वाच. मग पुढचं वाच.

तुझ्या फिल्टर हाऊसची वाळू घाण अडवते. माझी वाळू घाण खाते. मासे पाण्यात जी घाण सोडतात तिचं विष होतं. वाळूच्या वरच्या थरात, जिथं हवा पोचते, तिथले जंतू त्या विषाचं सौम्य विष करतात. खालच्या थरात हवा नसते. नसावीच. तिथं दुसरे जंतू असतात, ते त्या सौम्य विषाचाही निकाल लावतात आणि उरलेला वायू बुडबुडा होऊन वर येतो. तो आपल्या श्वासातल्या हवेतलाच एक वायू आहे, कुणाला काही करत नाही. म्हणून तर ती टाकी इतकी वर्षं जवळजवळ पाणी न बदलता चालली आहे. बारीक गोगलगाई वरचा थर हलवत राहतात आणि झाडांची मुळं आतपर्यंत जातात. माणसानं काही करायचं नसतं, आणि तुला नेमकं तेवढंच जमत नाही.

ब्लीचिंग पावडर घरातूनच बाहेर काढ. तिच्यानं जंतूही मरतील आणि मासेही.

एकच गोष्ट लक्षात ठेव. खालचा थर कुणी ढवळला तर त्यातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू मात्र वाईट. तसा वास आला तर मला लगेच कळव.

डॉक्टरांचं पत्र मलाही आलं. ते म्हणतात, तुझ्या वयाला आईला उचलणं-बसवणं झेपणार नाही, तेव्हा एप्रिलपासून तिला शुश्रूषागृहात ठेवावं. तिथं दोन भाग आहेत. ज्यांना समज आहे त्यांना खालच्या मजल्यावर बोलायला, लिहायला शिकवतात. ज्यांना नाही ते वरच्या मजल्यावर. वर नुसतं खाऊ घालणं आणि कूस बदलणं. आईला वरचा मजला लिहिला आहे. मामा, मी तो मजला पाहिला आहे. तिला तिथं ठेवायचं नसेल तर मला हे हवामान केंद्र सोडून घरी यावं लागेल. काय करावं ते मला खरंच सुचत नाही. तिला काही कळतं असं तुला एकदा तरी वाटलं आहे का? खरं सांग.

बोट पंधरवड्यातून एकदाच येते. बिनतारी यंत्रावर घरगुती निरोप चालत नाहीत. म्हणून परत सांगते, वाळू!

ठमी

२१ फेब्रुवारी

ठमे,

वास आला.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी टाकीवर वाकून वास घेतो. पहिले काही दिवस नव्हता. मग थोडा थोडा वाटायला लागला. बाईला विचारलं तर म्हणाली, "मामा, तो मोरीचा आहे." मोरी घासून घेतली, तरी वास आहेच. शेजारच्या न्हाव्याला बोलावलं. त्यानं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला, "मला तर तुमच्याच डोक्याच्या तेलाचा येतोय." त्याला काय जातंय थट्टा करायला!

तू लगेच कळव म्हणतेस. पण कळवून उत्तर येईपर्यंत सगळे मासे उलटे तरंगत असतील. अक्काला दिवसभर बघायला तेवढी एकच गोष्ट आहे. तीही गेली तर ती कुठं बघेल? भिंतीकडे?

तू विचारलंस, तिला काही कळतं का. नाही, ठमे. खरं सांग म्हणालीस म्हणून लिहितो. मी तिच्याशी बोलतो, पण ते घरात रेडिओ लावून ठेवतात तसं.

मासे बादलीत काढून ठेवले आहेत, टाकीच्याच पाण्यात, एकूण एक. आता वाळू काढायला बसतो. न्हावी पोस्टाकडे निघाला आहे, त्याच्याजवळ हे देतो. काळजी करू नकोस, वाळू धुणारा माणूस कच्चा नाही.

मामा

२७ फेब्रुवारी

मामा!!

थांब. आत्ता जिथं असशील तिथं थांब. बोट धक्क्याला लागली आहे, खलाशी खोळंबलाय, मी उभ्यानं लिहिते आहे.

वाळू टाकून दिली असशील तर गोळा कर. ब्लीचिंग घातलं नसेल तर तशीच काळी-पिवळी परत टाकीत घाल, नळाखाली धरू नकोस. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं वापर. गढूळ खाली बसेपर्यंत मासे बाहेरच ठेव. झाडं होती तिथं खोच.

तू एकूण एक मासे काढलेस म्हणतोस, पण हे सगळं तू आईसमोर केलंस का? टाकी रिकामी होताना तिनं पाहिली का?

मला राग आलाय की भीती वाटतेय ते कळत नाही. लिही, काय झालं ते सगळं लिही.

ठमी

५ मार्च

ठमे,

तुझं पत्र आज आलं. ते यायच्या आधीच सगळं घडून गेलं होतं. मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. कागद पुढं घ्यायचो आणि घडी करून परत ठेवून द्यायचो.

त्या दिवशी न्हावी पत्र घेऊन गेला आणि मी रबरी नळीनं टाकीतलं पाणी काढलं. वाटीवाटीनं वाळू घमेल्यात भरली. मागच्या दारी फरशीवर प्लास्टिक पसरून त्यावर ओतत गेलो. खालचा थर उकरला मात्र, आणि काय वास सुटला म्हणून सांगू! घरभर सडकी अंडी. तुला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. म्हटलं, बघ, मी म्हणतच होतो. तो वास माझ्याच उकरण्यानं सुटलाय हे डोक्यात आलंच नाही.

अक्काला मी खुर्चीसकट मागच्या दाराशी ओढत आणलं होतं, उन्हात. रिकामी टाकी तिनं बघू नये म्हणून. आता मला कळतंय की मी तिला नेमकं तिथं आणून बसवलं जिथून सगळं दिसतं.

सगळी वाळू पसरून झाली. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली. तू घरातून काढ म्हणाली होतीस, मी ती फळीवर मागच्या बाजूला सारली होती. मासे तर वेगळे काढलेत, मग वाळूला काय होणार, असा माझा हिशेब. बादली उचलली आणि वाळूवर ओतणार, तेवढ्यात अक्का ओरडली.

ठमे, तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. पलीकडे न्हावी कुणाची तरी दाढी करत होता, त्याचा वस्तरा थांबला असं तो नंतर म्हणाला. अक्काचं तोंड लाल झालं होतं, डोळे बाहेर आले होते, डावा हात खुर्चीवर आपटत होती. मला वाटलं, दुसरा झटका. बादली तिथंच ठेवली आणि धावत सुटलो. समोरच्या गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना, पण पोचेपर्यंत माझाच जीव निघायचा. एक चप्पल पायात, दुसरी कुठं पडली कोण जाणे. डॉक्टर एका पोराचा घसा बघत होते. मी म्हटलं, "अक्का चालली!" ते तसेच उठले.

आम्ही परत आलो तर खुर्ची रिकामी.

अक्का फरशीवर होती. खुर्चीतून घसरून सरपटत ती वाळूपर्यंत गेली होती. एका कुशीवर पडून डावा हात मनगटापर्यंत काळ्या वाळूत खुपसला होता आणि आत चाचपत होती. लुगडं चिखलानं माखलेलं. डॉक्टरांनी बॅग उघडली. म्हणाले, "धरून ठेवा, शांत करायचं इंजेक्शन देतो." मी तिचा हात धरला. तिनं मला असं ढकललं की मी मागं बसलोच.

मग तिनं तळहातानं वाळू सपाट केली, पाटी पुसतात तशी. आणि बोटानं लिहिलं.

अक्षरं वेडीवाकडी होती, धुळाक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखी, एक चढलेलं, एक पडलेलं. मी लावून लावून वाचलं. "मासा."

मी म्हटलं, "अगं, मासे बादलीत आहेत. सगळे आहेत हं. घाबरू नकोस." लहान मुलाशी बोलावं तसं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी ओळखतो. लहानपणी मी तिच्या वहीवर दौत सांडली होती तेव्हा असंच बघितलं होतं. तिनं पुन्हा वाळू पुसली आणि लिहिलं, "अजून."

डॉक्टर सुई हातात घेऊन चांगल्या पँटीनिशी चिखलात बसले. हळूच म्हणाले, "अजून? या वाळूत?" अक्कानं डोळे मिटून उघडले आणि हात परत आत घातला.

मीही घातला. काहीतरी बोटांमधून सळसळत गेलं. मी "साप! साप!" करत उठलो, माझा पाय बादलीला लागला आणि ब्लीचिंगचं सगळं पाणी गटाराकडे वाहून गेलं. माझ्या हातून त्या दिवशी झालेली तेवढीच चांगली गोष्ट. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून ते ओंजळीत धरून वर काढलं. बोटाएवढं लांब, सापासारखं, अंगावर तपकिरी पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. जिवंत होतं. मग अक्काच्या हाताखाली दुसरं सापडलं. तेही जिवंत. तू वाळूत साप पाळतेस हे मला सांगायला नको होतं?

डॉक्टरांनी सुई परत बॅगेत ठेवली. मग मला म्हणाले, "मामा, हिला सगळं कळतंय." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "म्हणजे आधीपासून कळत होतं." मी पुन्हा "हो" म्हटलं.

ठमे, मी तिच्यादेखत काय काय बोललो आहे ते तुला ठाऊक नाही. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून न्हाव्याला म्हणालो होतो, "अक्का संपली, उरली ती खुर्ची." बाईला म्हणालो होतो की वरच्या मजल्यावर लवकर जागा मिळाली तर सुटलो. हे सगळं ती माशांकडे बघत ऐकत होती. आता मी खोलीत जातो तेव्हा दाराशी थांबून आधी खोकतो. परक्या घरात जावं तसं.

वाळू तशीच परत घातली आहे. पुढं काय करू?

मामा

१४ मार्च

मामा,

पत्र वाचून मी बाहेर जाऊन उभी राहिले. कुणीतरी हाक मारत होतं, वाऱ्याचं मापन घ्यायची वेळ झाली होती, मला ऐकूच आलं नाही.

ते साप नाहीत. त्या जातीचे मासे दिवसा वाळूत घुसून राहतात. टाकी नवी असताना मी दोन सोडले होते. नंतर मला ते कधीच दिसले नाहीत. मेले समजून मी विसरूनही गेले. तुला सांगायचं राहिलं असं नाही, मलाच ते आहेत हे माहीत नव्हतं. फक्त आईला माहीत होतं.

तू तुझं लिहिलंस, आता माझं ऐक. निघायच्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. तेव्हा तुला काय म्हणाले आठवतं? "आई गेल्यातच जमा आहे मामा, मी इथं बसून तरी काय करू." कंगवा माझ्या हातात होता, आणि तिचे केस. तिनं ते ऐकलं. मी बोटीत बसले तेव्हा ती ते ऐकून घरी बसली होती.

मी राजीनामा लिहायला घेतला आहे. पुढच्या बोटीनं पाठवते आणि त्यामागच्या बोटीनं मी येते. तिला वरच्या मजल्यावर कुणीही नेणार नाही. तू डॉक्टरांना पुन्हा तपासायला सांग. आणि तिच्याजवळ बस. बोल. खोकू नकोस, बोल. तिला विचार की तिला काय हवं आहे. हे आपण कुणीच विचारलेलं नाही.

थर ढवळले गेलेत तेव्हा काही मासे जातील. मनाला लावून घेऊ नकोस. वाळू परत जमायला काही महिने लागतील. तोवर रोज थोडं पाणी बदल, आणि खायला चिमूटभरच घाल.

ठमी

२४ मार्च

ठमे,

लाल माशांतले निम्मे गेले. पाणी पहिले काही दिवस ताकासारखं होतं, आता निवळलं आहे. ते दोन पट्टेवाले ठणठणीत आहेत. अक्का काचेवर बोट ठेवून दाखवते तेव्हा मलाही दिसतात, नुसतं नाक बाहेर.

डॉक्टर आले. त्यांनी स्वतःच परातीत ओली वाळू घालून आणली होती. पुन्हा किल्ली धरली, कंगवा धरला. अक्कानं किल्लीला डाव्या हातानं बाजूला सारलं आणि लिहिलं, "तेव्हाही दिसली." डॉक्टर म्हणाले, "मग तेव्हा बघितलं का नाही?" तिनं वाळू पुसून लिहिलं, "मासा निघालेला." डॉक्टरांना हसू आवरेना. मला हसू येईना. एवढी मोठी परीक्षा, आणि ही मासा बघत बसली! मी म्हटलं, "अक्के, एक नजर टाकली असतीस तर काय बिघडत होतं?" तिनं फक्त भुवया उडवल्या. तुझी आई पहिल्यापासून अशीच आहे.

मग तू म्हणालीस तसं विचारलं. तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं. कंगव्याचं वाचताना मी अडखळलो, तिनं "वाच" असा हात केला. राजीनाम्याचं वाचलं तेव्हा मात्र तिनं माझ्या धोतराचं टोक ओढलं आणि परात मागितली. मी खुशीत होतो. म्हटलं, आता लिहील, "घरी." ठमी येईल, मी आहे, बाई आहे, टाकी आहे. आणखी काय लागतं?

तिनं लिहिलं, "जाते."

मी म्हटलं, "कुठं जातेस? वरच्या मजल्यावर कुणी नेत नाही आता तुला." तिनं पुसलं, लिहिलं, "खाली. बोलायला शिकते."

ठमे, त्या सापाला हात लागला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला बसला. मी दारातच बसलो. इतके दिवस तिला कुणी न्यावं की न न्यावं याची आपण दोघं काळजी करत होतो. ती आपण होऊन जाईल असं एकदा तरी डोक्यात आलं होतं? डॉक्टर म्हणाले, खालच्या मजल्यावर जागा आहे, सोमवारी न्यायला गाडी येईल. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही म्हणाले. मी म्हटलं, तिथं तिला जमलं नाही तर? कुणी रागावलं तर? जिना उतरताना पडली तर? अक्कानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, "मामा, खालचा मजला आहे, जिना नाही."

तुला दोन ओळी लिहायच्या म्हणून बाईनं तिच्या डाव्या मुठीत पेन्सिल फडक्यानं बांधून दिली. मी कागद धरला. एवढ्याला सबंध सकाळ लागली. खालची अक्षरं तिची आहेत. शेवटची ओळ खोडून टाक असं मी तिला दोनदा म्हटलं. तिनं ऐकलं नाही, म्हणून जशीच्या तशी पाठवतो.

मामा

ठमे नोकरी सोडू नको
मी शिकून येते
मामा एकटा राहील त्याला पत्र लिहीत जा